आधी पाण्याची वाट, मग घर
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण आमच्या चाळीच्या जागी नवी इमारत व्हायची आहे, त्याविषयी बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

आपण कुर्ल्याच्या बायका. २६ जुलै २००५ चा मंगळवार आपल्यापैकी कोणीच विसरलेली नसेल. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर. दुपारी उंबऱ्याशी असलेले पाणी संध्याकाळी फडताळाच्या वरच्या फळीला लागले. थोरलीला कडेवर घेऊन आणि सासूबाईंचा हात धरून मी जिन्यात रात्र काढली. धान्य, गाद्या, लग्नातला शालू, सारे गेले. माणसे वाचली, ही देवाची कृपा.

पुष्कळ दिवस मी पावसालाच बोल लावीत होते. पुढे समजले की, विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की ते पाणी मिठी नदीने माहीमच्या खाडीत जाते. या नदीचे काठ भराव घालून अरुंद झाले होते, आणि त्या दिवशी समुद्रालाही भरती होती. मग पाण्याने जावे कुठे? त्याची वाट आपण अडवली, म्हणून ते आपल्या घरात शिरले.

आपण म्हणते, त्यात मीही आले. चिखल तुडवावा लागू नये म्हणून आमच्या चाळीच्या अंगणात लाद्या बसवा, असा हट्ट मीच धरला होता. एका अंगणाने नदी अडली नसती, हे मला कळते. पण अशी हजारो अंगणे लाद्यांखाली गेली, त्यांचे काय?

एक हिशेब सांगते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवसाच्या पावसाचे २,८३,२०० लिटर पाणी पडणार. पंधरा लिटरच्या अठरा हजारांहून अधिक घागरी! ही एका गच्चीची गोष्ट. म्हणून एकट्या घराचा विचार करून भागत नाही. आधी साऱ्या वस्तीच्या पाण्याची वाट पाहावी, मग रस्ता, मग घर.

नव्या इमारतीचा नकाशा आला, तेव्हा मी मुलाकडून तो वाचून घेतला. सगळे आवार सिमेंटचे, सगळीकडे मोटारी. ओल्या कचऱ्याला जागा नाही. स्वयंपाकघराची खिडकी अशी की, वारा समोरासमोर खेळणारच नाही. दिवसाही दिवा आणि पंखा लावावा लागेल. ते बिल कोण भरणार? आपणच ना!

आम्ही बायकांनी अर्ज लिहिला आहे. जोते उंच घ्यावे. पण भराव टाकून शेजारच्या चाळीत पाणी लोटू नये. आपली जमीन खाडीजवळची, भरतीच्या वेळी खड्ड्यात पाणी जिरेलच असे नाही. म्हणून गच्चीचे पाणी टाकीत साठवावे आणि धुण्याभांड्यांना वापरावे. पिंपळाभोवतीची माती उघडी ठेवावी. येत्या रविवारच्या सभेत हा अर्ज वाचायचा आहे. "बायकांना नकाशातले काय कळते," असे कोणी म्हणेलच. त्या घरात दिवसभर वावरणार कोण, एवढेच मी विचारणार आहे.

शहराच्या विकास आराखड्यावरही नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात तशी सोय आहे. तेव्हा भगिनींनो, आराखडा निघाला की आपल्या मंडळाने तो मागवून घ्यावा आणि एखाद्या जाणत्या माणसाकडून समजून घ्यावा. भिंती उभ्या राहिल्यावर रडून उपयोग नाही. कागदावरची रेघ मात्र पुसता येते.

माझे काही चुकले असेल तर पोटात घालावे. रविवारी सभेला या, एवढी विनंती करून मी खाली बसते.