शत्रूची ओळख पटविणाऱ्या पेशी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



संस्थेचा जमाखर्च अहवालात आपल्यासमोर आहेच. त्यापलीकडे जाऊन आज काळा आजार या रोगाविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व पूर्व उत्तर प्रदेश हे त्याचे क्षेत्र. तेथील अनेक कामगार आपल्याकडील बांधकामांवर राबतात. म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही.

वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरणाऱ्या या परजीवीचे वर्णन १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रास येथील डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे केले. जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या भक्षक पेशींच्या पोटातच तो बिऱ्हाड थाटतो. रक्तात प्रतिपिंडे विपुल निर्माण होतात. परंतु पेशीच्या आत दडलेल्या शत्रूचे ती काहीच बिघडवू शकत नाहीत.

येथे शाखायुक्त पेशी मदतीस येतात. त्या परजीवीच्या प्रथिनांचे अंश, म्हणजेच प्रतिजन, आपल्या पृष्ठभागावर मांडतात व लसिका ग्रंथीत जाऊन 'टी' पेशींना दाखवितात. या पेशींचे महत्त्व उलगडणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, पावती पाहिल्याखेरीज 'टी' पेशी खर्च मंजूर करीत नाही. खातरी पटली की ती इंटरफेरॉन गॅमा स्रवते. त्यामुळे भक्षक पेशी चेतविली जाते आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये निर्माण करून पोटातील परजीवीला मारते. म्हणूनच संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. कुपोषण, एचआयव्ही किंवा परजीवीच्याच कारवायांमुळे ही साखळी तुटली, की ताप हटत नाही, प्लीहा वाढते आणि उपचाराविना बहुधा मृत्यू ओढवतो.

यातून रुग्णालयाने तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, दोन आठवड्यांहून अधिक ताप व वाढलेली प्लीहा असल्यास रुग्णाला त्याचे मूळ गाव अवश्य विचारावे व आरके-३९ चाचणी करावी. ही चाचणी प्रतिपिंडे शोधते आणि ती बरे झाल्यावरही दीर्घकाळ टिकतात. म्हणून रोग उलटल्याची शंका असता प्रत्यक्ष परजीवीच शोधावा लागतो. दुसरी, लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या औषधाच्या एकाच मात्रेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात. परंतु एचआयव्हीमुळे 'टी' पेशी घटलेल्यांत रोग पुन्हा उद्भवतो. सबब ती तपासणीही व्हावी. तिसरी, बरे झालेल्या काहींच्या त्वचेवर महिन्यांनी वा वर्षांनी चट्टे उमटतात. ते दुखत नाहीत, म्हणून रुग्ण येत नाही. मात्र त्यांतूनच वाळूमाशी परजीवी पुढे नेते.

बांगलादेशात २०२३ मध्ये या रोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्यास जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. भारतातही रुग्णसंख्या पुष्कळ घटली आहे. परंतु रोग दुर्मीळ झाला की त्याची आठवणही दुर्मीळ होते, आणि त्याची किंमत एखाद्या मजुराला प्राणांनी मोजावी लागते.

रोजंदारीवरचा माणूस दुखत नसलेल्या चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून येईल, ही अपेक्षा अवाजवी आहे. अशा रुग्णाच्या फेरतपासणीचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी देणगी निधीतून द्यावी, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. रुग्ण घरी गेला म्हणजे त्याचे खाते बंद झाले, असे आपण मानू नये.