आतल्या भिंतीचा लाकडी सांगाडा

भंडारा जिल्ह्यात घरासाठी लाकूड म्हटले की पहिले नाव सागाचे निघते. पण खोलीत आडभिंतीची चौकट उभारायची असेल, तर जातीआधी ओल विचारावी. ओलावा सुमारे 30 टक्क्यांखाली उतरू लागला की लाकूड आकसते, आणि वलयांच्या कडेने ते गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या जवळपास दुप्पट आकसते. म्हणूनच ओल्या लाकडाची उभी पट्टी मे महिन्याच्या झळांत पिळते, आणि तिच्यावर ठोकलेल्या प्लायचे सांधे उघडतात. चिरलेले लाकूड सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून रचावे. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आला, की मगच ते भिंतीत घालावे.

कुणी म्हणेल, सागाला वाळवी लागत नाही, मग एवढी चिकित्सा कशाला? हा गुण गाभ्याचा आहे. बाहेरचा पांढरट थर सागाचा असला तरी वाळवी खाते, आणि कोवळ्या खोडात हाच थर जास्त भरतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ऐन, म्हणजे आपला येन, सागापेक्षा बळकट नाही का? आहे. वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो, तर येन 850 च्या आसपास. पण आडभिंत छपराचा भार पेलत नाही. तिला सरळपणा हवा. येन वाळताना चिरतो, भोक पाडल्याशिवाय खिळाही नीट घेत नाही. त्याचे बळ भार पेलणाऱ्या मयालीलाच, म्हणजे तुळईलाच, शोभते. चौकटीला वाळलेला, गाभ्याचा, गाठी कमी असलेला साग घ्यावा, आणि जमिनीलगतची आडवी पट्टी ओल्या फरशीवर थेट टेकवू नये.