इन्शुलिन: अंतराळस्थानकात आणि भिवंडीच्या चाळीत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



'अंतराळप्रवास आणि मधुमेह' हा विषय वर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले, हे मला ठाऊक आहे. एका ज्येष्ठ साथींनी तर विचारलेच, "रेशनवर डाळ मिळत नाही आणि तुम्ही आम्हाला अंतराळात कुठे नेता?" प्रश्न रास्त आहे. असाच प्रश्न जुलै १९६९ मध्ये अमेरिकेत राल्फ ॲबरनॅथी यांनी विचारला होता. चंद्राकडे यान झेपावण्याच्या आदल्या दिवशी खेचरे जुंपलेली गाडी आणि गरीब कुटुंबे घेऊन ते उड्डाणतळापाशी गेले होते. उड्डाण बंद पाडणे हा त्यांचा हेतू नव्हता. जे सामर्थ्य माणसाला चंद्रावर नेते ते भुकेविरुद्ध का उभे राहत नाही, एवढेच त्यांचे विचारणे होते. मीही आज त्याहून अधिक काही विचारणार नाही.

प्रथम घडले काय ते सांगतो. २५ जून २०२५ रोजी ॲक्सिऑम-४ ही मोहीम आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाली आणि १५ जुलैला परतली. शुभांशु शुक्ला हे तिचे वैमानिक होते. १९८४ साली राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले, त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी भारतीय माणूस पृथ्वीच्या कक्षेत गेला. शर्मा गेले ते दोन सरकारांच्या सहकार्यातून. शुक्लांची जागा एका खाजगी अमेरिकन कंपनीच्या मोहिमेत आपल्या सरकारने पैसे मोजून घेतली. वृत्तपत्रांनी तो आकडा सुमारे साडेपाचशे कोटी रुपये असा दिला. शुक्लांनी तेथे रुजवलेल्या मूग-मेथीची वर्णने आपण सर्वांनी वाचली. त्याच यानातून अबुधाबीच्या 'बुर्जील होल्डिंग्ज' या खाजगी रुग्णालय कंपनीचा 'स्वीट राइड' नावाचा प्रयोगही गेला होता, त्याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही. रक्तशर्करा सतत मोजणारे संवेदक आणि इन्शुलिनची पेने भारहीन अवस्थेत नीट टिकतात का, हे त्यात पाहायचे होते.

यात पाहण्यासारखे काय आहे, असे वाटेल. पण मुद्दा बारीक आहे. हा संवेदक म्हणजे दंडावर चिकटवायची एक चकती. तिचा केसासारखा तंतू कातडीखाली जातो. तो प्रत्यक्ष रक्तातील साखर मोजत नाही, पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातील साखर मोजतो आणि त्यावरून रक्तातील साखरेचा अदमास घेतो. भारहीन अवस्थेत शरीरातील द्रव पायांकडून छाती-मस्तकाकडे सरकतो. मग दंडातील द्रवाची साक्ष खरी मानायची का? इन्शुलिनच्या पेनात हवेचा बुडबुडा अडकला, तर आपण पेन उभे धरून टिचकी मारतो व तो वर येतो. जेथे 'वर' असे काही नाहीच तेथे तो कुठे जाईल? शिवाय इन्शुलिन हे प्रथिन आहे. फार उष्णतेने ते बिघडते आणि गोठल्यानेही. म्हणून एक पेन शीतपेटीत आणि एक साध्या तापमानात ठेवून, परत आणल्यावर दोन्ही तपासावयाची अशी योजना होती.

हा खटाटोप कशासाठी? इन्शुलिनवर अवलंबून असलेला माणूस अंतराळप्रवासास अपात्र, असा आजवरचा दंडक आहे. तो निष्ठुरपणाने केलेला नाही. साखर एकाएकी उतरली की दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, शुद्धही हरपते. परंतु असाच दंडक प्रवासी विमानांच्या वैमानिकांनाही होता. ब्रिटनने तो २०१२ मध्ये आणि अमेरिकेने २०१९ मध्ये शिथिल केला. कामावर असताना ठरावीक अंतराने साखर मोजायची आणि ती ठरल्या मर्यादेत ठेवायची, अशा अटींवर ती माणसे आज विमाने चालवीत आहेत. म्हणजे अपात्रता रोगात होती तितकीच ती साधनांच्या अभावात होती.

हे सांगताना मला भिवंडीचे आपले एक साथी आठवतात. बारा तासांच्या पाळीत ते यंत्रमाग चालवीत. इन्शुलिन चालू झाल्याचे त्यांनी कारखान्यात दोन वर्षे लपविले. संडासात जाऊन सुई टोचून घेत. एके रात्री जेवणाची सुट्टी लांबली, साखर उतरली आणि ते मागापाशी धडपडले. मुकादमाने ठरविले, हा पिऊन आला आहे. दुसऱ्या दिवशी हिशेब हाती पडला. वास्तविक मूठभर साखर आणि दहा मिनिटांची विश्रांती एवढेच त्यांना हवे होते. अंतराळवीराची अपात्रता घालविण्यासाठी संशोधन होते, याचा मला आनंदच आहे. मागवाल्याची अपात्रता घालविण्यास संशोधनाची गरजच नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

आता शीतपेटीचा प्रश्न घ्या. इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे असे डब्यावर छापलेले असते. ज्या घरात शीतकपाट नाही, तेथे ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवतात. हा अडाणीपणा आहे काय? केनियाच्या दागाहाले निर्वासित छावणीत काम करणाऱ्या 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेला हाच प्रश्न पडला. छावणीतल्या घरांत तापमान पंचवीस ते सदतीस अंशांच्या दरम्यान हेलकावे खाते असे त्यांनी मोजले. तेच हेलकावे जिनिव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत घडवून आणले. इन्शुलिनचा वापरात असलेला डबा चार आठवडे त्या तापमानात ठेवला, तरी शीतपेटीतल्या औषधाच्या तुलनेत त्याची शक्ती जवळजवळ तितकीच राहिली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी इन्शुलिन ठेवायला जागा नाही म्हणून कितीतरी रुग्ण रोज दोनदा दवाखान्यापर्यंत पायपीट करीत होते. माझ्या दृष्टीने या विषयातले हे सर्वांत मोलाचे संशोधन आहे, आणि त्यासाठी कोणतेही यान सोडावे लागले नाही.

परंतु संशोधन झाले म्हणजे औषध हाती आले असे होत नाही. १९२१-२२ मध्ये टोरांटोत बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लिऑड यांनी इन्शुलिन सिद्ध केले, तेव्हा त्याचे स्वामित्वहक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आले. शंभर वर्षांनंतर जगाच्या इन्शुलिन-व्यापाराचा बहुतांश भाग तीन कंपन्यांच्या मुठीत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांना मानवी इन्शुलिनची पेने पुरविणाऱ्या कंपनीने आपला करार पुढे चालविला नाही आणि २०२४ मध्ये तेथील रुग्णांना पुन्हा बाटली आणि सुईकडे वळावे लागले. तीच कंपनी वजन उतरविण्याच्या नव्या औषधातून त्या काळात अमाप नफा मिळवीत होती. पुढच्याच वर्षी इन्शुलिनची पेने अंतराळात गेली! अंतराळात पेन चालते की नाही हे शास्त्रज्ञ ठरवतील. जोहान्सबर्गमध्ये ते मिळावे की नाही हे कोण ठरवते?

आणखी एक सावधगिरी. अंतराळवीर हे निवडलेले, धडधाकट, पोटभर जेवलेले लोक. भारहीन अवस्थेत स्नायूंना काम उरत नाही, म्हणून ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. निरोगी माणसाला नुसते अंथरुणावर पाडून ठेवले तरी त्याचे शरीर इन्शुलिनला जुमानेनासे होते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. यावरून कोणी म्हणेल, मधुमेह हा आळसाचा रोग. आपल्याकडे हे सरसकट लागू पडत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुले यांचा माग ठेवला. कमी वजनाने जन्मलेले, दिसायला हडकुळे मूलही आत मेद बाळगून असते, आणि त्याची मुळे आईच्या पोषणात आहेत, असे त्यांना आढळले. वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात दहा कोटी दहा लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. यातले किती उपाशी आयांच्या पोटी जन्मले, याचे उत्तर अंतराळस्थानकातून येणार नाही.

तेव्हा अंतराळातील हा प्रयोग फुकट गेला असे मी म्हणत नाही. डॉक्टर शेकडो मैल दूर, हाताशी वीज अनिश्चित, तरीही रुग्णाची साखर कोणीतरी पाहत आहे, ही सोय पाड्यावरच्या मुलालाही लागते. पंधरवडाभर चालणाऱ्या एका संवेदकाला आज काही हजार रुपये पडतात. ते सरकारी दवाखान्यातून मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण करू. पण त्यापूर्वी आपल्याला माहिती हवी. पुढील बैठकीस येताना प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या सहा महिन्यांत इन्शुलिन किती दिवस संपलेले होते? शीतपेटी चालू आहे काय? आणि घरी इन्शुलिन कसे ठेवावे हे रुग्णाला कोणी सांगते काय? शहापूर-मुरबाडकडील नोंद भिवंडीचे ते साथी घेणार आहेत. त्यांच्यासोबत ज्यांना जाता येईल, त्यांनी आपली नावे चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.