गोळी मोफत, दिवस मात्र विकत
(अंतरवाली सराटी येथील आरोग्य मेळाव्यात संस्थेच्या वतीने केलेले भाषण)



अंबड तालुक्यातील या गावाचे नाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे देशभर पोहोचले. आज आम्ही या परिसराच्या एका अबोल दुखण्याविषयी बोलणार आहोत. मधुमेह, रक्तदाब, दमा हे आयुष्यभर सोबत राहणारे आजार. शहरातील नोकरदार ते सांभाळून काम करू शकतो. औषधाचे दुकान जवळ असते, आजारपणाची रजा पगारी असते. येथे रजा म्हणजे बुडालेली मजुरी.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजला. त्यानंतर बरेच घडले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. २०२४ मध्ये जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. या गोष्टींचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु गोळी मोफत झाली तरी ती आणण्यासाठी खर्ची पडणारा दिवस मोफत झालेला नाही, आणि तो दिवस कोणत्याही अनुशेषात मोजला जात नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना याची झळ सर्वाधिक बसते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने दवाखाना गाठला की दोघांचे काम थांबते, खाडा पडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची लांबते. पहाटेच फड गाठायचा असल्याने जेवणाची वेळ ठरलेली नसते. इन्सुलिन घेणाऱ्यास साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. कोपीत शीतकपाट कोठून असणार? इन्सुलिनची कुपी ओल्या माठाच्या आधाराने जपावी लागते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक भगिनी हंगाम संपल्यावर आल्या. पायाची जखम चिघळलेली होती. "आधी का नाही आलात?" या आमच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "साहेब, उचल फिटली नव्हती." या उत्तराने आम्हांस आमचा प्रश्नच चुकीचा असल्याचे जाणवले.

म्हणून आमची विनंती अशी : देणगी देताना केवळ यंत्रसामग्रीचा विचार नसावा. टोळी निघण्यापूर्वी गावातच तपासणी, जमेल तितक्या दिवसांचे औषध सोबत, आणि कोणत्याही गावच्या डॉक्टरांना वाचता येईल अशी मराठीतील रुग्णपुस्तिका, एवढ्या साध्या गोष्टींनाही आपले पाठबळ हवे. या दानातून इमारत उभी राहणार नाही, कोनशिलाही बसणार नाही. पण कोणाचा पाय वाचेल, कोणाचा रोजगार टिकेल.

आपला लोभ आहेच. तो वृद्धिंगत व्हावा, ही प्रार्थना.