नागलीचा पापड, तेलाशिवाय

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात पिकते ती आपली नागली. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. पण आपण नागली बाजारात विकतो आणि लेकरांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट देतो!

आमच्या गटात आता नागलीचे पापड तळत नाही, भाजतो. पापड तेलानं फुलत नाही. आतल्या जराशा ओलाव्याची वाफ होते, तिनं फुलतो. तेल फक्त आच पोचवतं. ते काम निखारेही करतात. जाळ नको, फुललेले निखारे घ्या. चिमट्यानं पापड सारखा उलटत राहा. पीठ शिजवतानाच मीठ आणि पापडखार बेतानं घाला. रक्तदाब असलेल्यांना तेच बरं.

वाचलेलं तेल भाजीला, पापड लेकरांना. विकायच्या नागलीतून आधी घरची पायली बाजूला काढू या.