लिहायचं कुणाला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत आजचा विषय ‘मुलांना घरी लिहायला कसं शिकवावं’ असा छापला आहे. इथे आलेल्या काही आईबाबांच्या पिशवीत मुलांच्या वह्या असतील, असा मला दाट संशय आहे. त्या पिशवीतच राहू द्या. वळणदार अक्षराबद्दल मी नवं काही सांगणार नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास त्यालाच दिला आहे. अक्षराचा घाट, ओळींतलं अंतर, पानाभोवती सोडायची कोरी जागा, लेखणी, शाई, सगळं तिथे आलं आहे. मला बोलायचं आहे ते त्याच्या अलीकडचं. मूल लिहितं ते कुणासाठी?

वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली, हे आपण दरवर्षी प्रास्ताविकात ऐकतो. त्याच्याही आधी त्यांच्या घरात एक वर्ग सुरू झाला होता, त्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. १८७३ साली रमाबाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. (विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने एवढ्या लहान मुलीशी लग्न केलं म्हणून तेव्हा टीका झाली, ती रास्तच होती. पण तो आजचा विषय नाही.) दिवसभराचं काम उरकून रानडे रात्री त्यांना शिकवायला बसत. घरातल्या बायकांना हे मुळीच खपत नव्हतं. दिवसा टोमणे आणि रात्री धडा, असं ते शिक्षण चाललं. याच रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. मराठीतल्या उत्तम आत्मकथनांत ते पुस्तक आजही गणलं जातं. रानड्यांची अध्यापनपद्धती फार थोर होती, असं मी म्हणत नाही. त्या काळातला अतिशय व्यग्र गृहस्थ रोज रात्री पाटीसमोर बसत होता, एवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे. ‘वेळ मिळत नाही हो’ म्हणणाऱ्यांनी हे घरी घेऊन जावं.

आता आपल्या घरांकडे येऊ. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घरात मोठी माणसं सतत काहीतरी लिहीत असत. वाण्याची यादी असे, वर ‘श्री’ काढून. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असे. आजीचं गावाकडे पत्र जाई. मूल हे बघे आणि लिहिणं हे घरकामापैकीच एक आहे, असं समजे. आज यादी मोबाईलवर, खाडे अ‍ॅपवर, आणि गावाकडे थेट व्हिडिओ कॉल. सोय झाली, तक्रार नाही. पण घरात लिहिताना दिसणारं एकमेव माणूस आता ते सहा वर्षांचं पोर आहे आणि तेही शिक्षा झाल्यासारखं दहा वेळा ‘ळ’ काढतंय! त्याने का लिहावं?

म्हणून पहिलं काम, घरातलं थोडं लिखाण परत आणा आणि ते मुलाच्या हाती द्या. यादी त्याला सांगा, त्याने लिहावी. ‘तूरडाळ’ची ‘तुडराळ’ झाली तर दुकानदार हसेल, पण डाळ तीच देईल. फ्रिजवर निरोप ठेवायला सांगा. आत्याला वाढदिवसाचं पत्र, पोस्टाने. आणि आत्याला आधी दम देऊन ठेवा की उत्तर आलंच पाहिजे, तेही हाताने लिहिलेलं. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. एवढा मोठा लेखक एका मुलीला पानंच्या पानं लिहितो, याचा त्या मुलीवर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करा.

हाताचंही बोलायला हवं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल कोंबणारे पालक मला रोज भेटतात. ती बोटं अजून तयार नसतात. त्यांना मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, ठिपक्यांची रांगोळी काढू द्या. रोममध्ये १९०७ साली बालगृह उघडणाऱ्या माँटेसरीबाईंनी मुलांना खरकागदाची अक्षरं बोटाने चाचपायला दिली होती. वाचायला लागायच्या आधी मुलं लिहायला लागली, हे पाहून त्या स्वतःच चकित झाल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच तत्त्व आदिवासी पाड्यांवर नेलं, आणि विकतची साधनं नव्हती तिथे खडे, बिया, पानं वापरली. तेव्हा हजारो रुपयांचं ‘किट’ घेण्याआधी अंगणात बघा. अंगण नसेल तर कुंडीत. अक्षरांना हात घालाल तेव्हा वर्णमालेचाच क्रम हवा असंही नाही. आपल्या जुन्या मास्तरांनी ग, म, भ, न पासून सुरुवात केली, कारण हाताला एक वळण बसलं की पुढचं अक्षर जवळजवळ फुकट मिळतं.

आता सगळ्यात नाजूक जागा. मूल आपणहून पहिली दोन वाक्यं लिहितं. समजा, लिहिलं, ‘आजीची बरनी फूटली. मी नाय फोडली.’ कागद घेऊन ते तुमच्याकडे येतं. तुम्ही म्हणता, ‘बरनी नाही रे, बरणी. फु पहिला. आणि नाय काय? नाही!’ तीन चुका काढल्यात, तिन्ही बरोबर काढल्यात, आणि पुढचे सहा महिने ते पोर तुमच्यासाठी एक ओळ लिहिणार नाही. अहो, बरणी कुणी फोडली ते विचारा ना! त्याने तुम्हाला एवढी मोठी बातमी दिली आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आपल्यापैकी किती जणांना येतात, ते हात वर करून विचारत नाही, सभेची शोभा जाईल. शुद्धलेखन शिकवायचंच, पण ते वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर. आणि ‘नाय’ ही त्याच्या घरातली बोली असेल तर ती चूकसुद्धा नाही.

शाळेचे निबंध मी सोडून देतो. ‘मी फुलपाखरू झालो तर’ हा विषय ज्याने पहिल्यांदा काढला त्याला काही सुचलं असेल. नंतरच्यांना गाईडमधलं सुचतं. मुलाच्या लेखणीत काय ताकद असते ते पाहायचं तर १८५५ सालचा ‘ज्ञानोदय’ काढा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता ही मांग जातीतली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे तिने लिहिलं. वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने भल्याभल्यांना टाकला. तिला सांगायचं होतं आणि ऐकणारे कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता एक प्रश्न येणार, ‘आमचं मूल अजून चार वर्षांचं, त्याचं काय करू?’ त्याचं तुम्ही लिहून घ्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी राहिली ती सोपानदेवांसारख्या घरच्याच माणसांनी टिपून ठेवली म्हणून. आई बोलली आणि मुलाने लिहिलं. तुम्ही उलट करा. मूल गोष्ट सांगेल, ती एका वहीत त्याच्याच शब्दांत उतरवा. वाक्य नीटनेटकं करायचा मोह आवरा. मग अक्षरांवर बोट फिरवत त्याला ती वाचून दाखवा. तुम्ही कुठे ‘कुत्रा धावला’ असं सुधारून घातलं असेल तर ते तिथेच थांबवेल, ‘मी धावला नाय म्हटलं, पळाला म्हटलं!’ मग खोडून ‘पळाला’ लिहा, त्याच्यासमोर.