महानगराची सीमा आणि राज्याची सीमा
(माहूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येथून पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो आणि किनवटच्या पुढे तेलंगण सुरू होते. ही सीमा प्राचीन नव्हे. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते, तो तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. उलट मुधोळ-भैंसा भाग नांदेडमधून आदिलाबादेत गेला. भाषावार प्रांतरचनेची मागणी न्याय्यच होती व आजही आपण तिच्या बाजूचे आहोत. परंतु नकाशावरची रेघ बदलली म्हणून माणसाच्या पोटाची वाट बदलत नाही.

नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, तर मुंबई त्याच्या दुपटीहून दूर. आपला नांदेड रेल्वे विभागसुद्धा दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो आणि त्याचे मुख्यालय सिकंदराबादेत आहे. म्हणूनच बांधकामावर, हमालीला, दवाखान्याला येथील माणूस हैदराबादची गाडी पकडतो. २०११ च्या जनगणनेत त्या महानगराची लोकसंख्या ७७ लाखांवर होती आणि आपल्या नांदेड जिल्ह्याची सुमारे ३३ लाख ६१ हजार.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने महानगर म्हणजे महापालिकेची हद्द नव्हे. जेथवरून श्रम, दूध, भाजी आणि पाणी ओढले जाते तो सारा प्रदेश होय. दिल्लीच्या बाबतीत हे सत्य शासनाने मान्य केले. १९८५ च्या कायद्याने हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांतील जिल्हे दिल्लीशी जोडून राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे नियोजन मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने सर्व प्रश्न सोडवले असे मी म्हणत नाही. जमिनीचे भाव वाढले, मजूर मात्र झोपडीतच राहिला. पण निदान चार सरकारांनी एका टेबलाशी बसावे, हे तत्त्व तेथे रूढ झाले. आपल्याकडे तेही नाही. बाभळी बंधाऱ्याचे पाणी कोणाचे, हे ठरायला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. जे चर्चेने व्हावे ते खटल्याने झाले.

आता मजुराची स्थिती पाहा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरतेच संरक्षण दिले. स्वतःहून गाडीत बसलेला त्याच्या कक्षेबाहेर राहिला. २०२० च्या श्रमसंहितेने त्याला व्याख्येत घेतले, परंतु पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली. लहान ठेकेदाराकडे राबणाऱ्याच्या हाती काय पडले?

जातीच्या दाखल्याचेही तसेच. बंजारा समाज सीमेपलीकडे १९७६ पासून अनुसूचित जमातींत आहे. अलीकडे तोच समाज विमुक्त जातींत गणला जातो. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक इकडच्या तांड्यावर दिलेली, दुसरी तिकडच्या. त्यांच्या मुलांचे हक्क निराळे! २०१९ साली नांदेडच्या सीमेवरील काही गावांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली, तेव्हा पुष्कळांना अस्मिता दुखावल्याचे वाटले. मला त्यात अस्मितेपेक्षा शेतकऱ्याचा साधा हिशेब दिसला. शेजारी शेतीला एकरी रोख साहाय्य आणि अखंड वीज मिळते, मग आपल्याला का नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याला देशद्रोही वा महाराष्ट्रद्रोही ठरवून उत्तर मिळत नाही.

राज्य बदलणे हा उपाय नव्हे. उद्या दुसऱ्या गावाला तिसरे राज्य बरे वाटेल. उपाय असा की, मजुराचा हक्क राज्याच्या हद्दीशी न बांधता त्याच्या श्रमाशी बांधावा, आणि महाराष्ट्र व तेलंगण यांनी पाणी, रेल्वे, आरोग्य व कामगार नोंदणी यांसाठी कायम संयुक्त मंडळ नेमावे.

हे मागायचे तर आकडे हवेत. २०११ नंतर लांबलेली जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. पण तिच्यावर विसंबून बसू नका. आपापल्या गावात घरोघर जा. कोण गेले, कोठे गेले, कोणाकडे राबते, मुले शाळेत आहेत की नाहीत, हे साध्या वहीत लिहा. सरकारच्या हिशेबात जो माणूस नाही, त्याचा वाटाही अंदाजपत्रकात नसतो. त्या माणसाचे नाव आपल्या वहीत असले पाहिजे. संघटनेचे काम तेथून सुरू होते.